५५-२५० ची किट झूम आणि पळणारी पोर
लेकीच्या शंभर मीटरच्या शर्यतीला माझ्याकडे होती फक्त कॅमेऱ्याच्या किटमधली जुनी ५५-२५० मिमी झूम लेन्स. उन्हात लेन्सने लाज राखली. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं की स्पाइक्सखालून उडालेली मातीसुद्धा हवेत थिजलेली मिळते. ऊन उतरलं की मात्र रडगाणं सुरू! २५० ला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही, मग आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर चढवायचा आणि चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखे दाणे. फोकसही धापा टाकत मागून येतो. म्हणून मी आधीच अंतिम रेषेवर फोकस लावून मॅन्युअलवर टाकते. शेवटी कंटाळून १/६० सेकंदावर पॅनिंग केलं, म्हणजे पळणाऱ्या पोरीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढले. विसातले दोन जमले, पण एकात पोरीची वेणी आडवी उडालीय आणि मागे नुसत्या रेघाच रेघा. लेन्स विकायचा बेत तूर्त रद्द.