केबल काढून हायड्रॉलिक क्लच : १४,५०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

गाडी २००४ ची मारुती ८००, बाबांची. ते गेल्यावरही ती विकायचं मन होत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिचा क्लच इतका जड झाला की नागपुरात सीताबर्डीहून घरी येईपर्यंत डावा गुडघा ठणकायला लागायचा. रिंग रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने पेडल एकदाच दाबून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, केबलचा जमाना गेला. हायड्रॉलिक टाकून देतो, लोण्यासारखा क्लच होऊन जाईन." म्हणजे पेडलपासून क्लचपर्यंतची तार काढून तिच्या जागी ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारे सिलिंडर. नवीन किट आणि फिटिंग मिळून १४,५००. आठ हजार आधी. बिलाचं विचारलं तर "काम झाल्यावर देतो ना जी." तिथेच मी उठायला हवं होतं.

तीन दिवसांचे सतरा दिवस झाले. गाडी हातात आली तेव्हा पेडल खरोखर मऊ लागलं आणि त्या मऊपणावर भुलून मी उरलेले पैसे देऊन टाकले. आठवडाभरात रिव्हर्स टाकताना करकर आवाज यायला लागला. सिग्नलवर पेडल पूर्ण दाबलेलं असूनही गाडी पुढे सरकू पाहायची. मग एके दिवशी डावी चप्पल पेडलवरून घसरली. खाली कार्पेट ओलं होतं. फोन केला तर, "एसीचं पाणी होय ते." पण एसीचं पाणी गळलं तर शेजारच्या सीटच्या पायाशी गळतं, आणि हे बोटावर चोळलं तरी वाळत नव्हतं. ते ब्रेक ऑइल होतं. दोन दिवसांनी भर दुपारी, व्हरायटी चौकात, पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. दोन ऑटोवाल्यांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली.

गांधीबागेकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी सगळं खोलून माझ्यासमोर मांडलं. मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलमागे बसून तेल ढकलणाऱ्या सिलिंडरवर, काळा स्प्रे मारलेला होता. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे तो बोटाने पुसला तसा निघत होता आणि खाली गंजाचे खड्डे. भंगारातला माल नवा म्हणून बसवला होता. आतल्या रबरी सीलची धार झिजलेली.

त्याहून वाईट पुढे होतं. मास्टरचा व्यास १६ मिमी, त्या तेलाने सरकणाऱ्या, गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा १९. म्हणजे मास्टरचा पिस्टन २५ मिमी सरकला तरी स्लेव्ह जेमतेम १८ मिमी सरकणार. पेडल हलकं लागतं, पण फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, पुरेसा ढकलला जात नाही आणि क्लच पूर्ण सुटतच नाही. ज्या मऊपणाचे मी पैसे मोजले, तोच बिघाड होता. पेडलमागच्या पत्र्यालाही आधाराची पट्टी दिलेली नव्हती. मिस्त्रींनी मला पेडल दाबायला लावलं, तर सिलिंडरसकट पत्रा वाकताना दिसत होता.

मूळ दुखणं काय असावं, तर फोर्कच्या शाफ्टचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) कोरडा पडला होता. केबल मला पाहताच आली नाही, ती गॅरेजवाल्याने ठेवून घेतली होती. जड क्लच घेऊन जाल तेव्हा केबल फोर्कपासून सोडवायला लावा. नुसती तार कव्हरमध्ये अडकत सरकली तर दोष केबलचा, आणि ते काही शे रुपयांचं काम आहे. केबल मोकळी असेल तर बुश आणि प्रेशर प्लेट (क्लचची चकती दाबून धरणारी प्लेट) पाहायची. काढलेला प्रत्येक पार्ट घरी आणा. तरीही कुणी हायड्रॉलिक बसवून दिलंच, तर पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर झाली तर गाडी तिथेच सोडा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तर बोलणं बिलावर येऊन अडलं. माझ्याकडे फक्त यूपीआयची नोंद, तीही दुसऱ्याच कुणाच्या नावाची. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही.

मूळ पेडल ब्रॅकेट त्याने कापून टाकला होता. मिस्त्रींनी जुन्या गाडीचा शोधून आणला, नवी केबल आणि बुश टाकला. ३,२०० लागले. गुडघा आता दुखत नाही. तो रंगवलेला सिलिंडर मी डिकीत ठेवलाय. नागपुरात कुणाला असं किट दाखवत असतील, तर आधी येऊन हा पाहून जा.