स्पीड कुठून आणायचा: फुल स्पीड, टेलविंड की ट्रिक रूम?

माझा मावसभाऊ ऐरोलीला राहतो, अकरावीला आहे, क्लाससाठी ठाण्याला येतो आणि येताजाता ट्रान्स हार्बरच्या गाडीत फोनवर शोडाऊन (पोकेमॉनच्या लढती ऑनलाइन खेळायची वेबसाइट) खेळत असतो. मागे एकदा तलावपाळीला भेटला तेव्हा भेळ खाता खाता म्हणाला, दादा मी सहाच्या सहा पोकेमॉनना फुल स्पीड दिलाय, तरी समोरचा माझ्या आधी मारतो, मग हा स्पीड जातो कुठे? मी त्याची टीम बघितली आणि लक्षात आलं की चूक आकड्यांत नाहीये, प्रश्नातच आहे. तो "किती स्पीड" असं विचारत होता. विचारायचं असतं "कोणाच्या पुढे". त्याला जे समजावलं तेच इथे नीट लिहितोय, कारण पहिली डबल्स (दोन विरुद्ध दोन पोकेमॉनच्या लढतीची) टीम बांधणारा जवळपास प्रत्येक जण इथेच अडकतो.

अटॅक हा असा स्टॅट (पोकेमॉनच्या गुणाचा आकडा) आहे की थोडा वाढवला तर थोडा फायदा होतो. स्पीडचं तसं नाही. समोरच्यापेक्षा एक पॉइंट जास्त असला की तुम्ही आधी, शंभर जास्त असले तरी तुम्ही आधीच, आणि एक कमी पडला की सगळे घातलेले पॉइंट वाया. ठाणे स्टेशनवर गाडी सुटायच्या एक सेकंद आधी डब्यात पाय पडला काय आणि दहा मिनिटं आधी येऊन उभे राहिलात काय, सीटचं सोडा, पण गाडी मिळाली ती मिळालीच. दोघांचा स्पीड अगदी सारखा असेल तर गेम नाणं उडवतो, पन्नास-पन्नास टक्के.

आता थोडं गणित, घाबरू नका. डबल्सच्या ऑफिशियल फॉरमॅटमध्ये सगळे लेव्हल ५० वर खेळतात. बेस स्पीडची (त्या जातीचा ठरलेला आकडा) दुप्पट करा, त्यात आयव्ही मिळवा (जन्मजात गुण, सगळ्यात चांगला ३१), ईव्हीचा (आपण स्टॅटमध्ये वाटतो ते पॉइंट) चौथा भाग मिळवा, निम्मं करा, अपूर्णांक सोडून द्या, ५ मिळवा, आणि शेवटी नेचरमुळे, म्हणजे पोकेमॉनच्या स्वभावामुळे, १० टक्के वर किंवा खाली. एकूण ईव्ही ५१०, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त २५२, आणि आयव्ही ३१ असेल तर लेव्हल ५० ला पहिला पॉइंट ४ ईव्हीत मिळतो, पुढचा प्रत्येक पॉइंट ८ ईव्हीत. म्हणजे २५२ ईव्ही घातले की ३२ पॉइंट वाढले. हे ३२ पॉइंट एचपीत किंवा डिफेन्समध्येही गेले असते हे डोक्यात ठेवा, स्पीड फुकट नसतो.

पहिला पर्याय, स्वतःच्या पायावर पळणं. गारचॉम्प घेऊ, बेस स्पीड १०२. फुल ईव्ही आणि जॉली (स्पीड वाढवणारं) नेचर म्हणजे स्पीड १६९, अटॅक १८२. तेच ईव्ही ठेवून नेचर अ‍ॅडमंट (अटॅक वाढवणारं) केलं तर स्पीड १५४, अटॅक २००. म्हणजे १५ स्पीड देऊन १८ अटॅक घेतला. हे परवडतं की नाही हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही, १५४ आणि १६९ च्या मधे कोण कोण उभं आहे ते बघावं लागतं. तिथे गर्दी आहे. जॉली उर्शिफू १६३ वर, बेस १०० वाले सगळे (टिमिड, म्हणजे हेही स्पीड वाढवणारं नेचर, असलेला ची-यू वगैरे) १६७ वर, इन्कार्नेट फॉर्मचा टिमिड लँडोरस १६८ वर. म्हणून टीममध्ये स्पीडची दुसरी काहीच सोय नसेल तर जॉलीच घ्या. पण फ्लटर मेन २०५ वर बसलाय, ड्रॅगापल्ट २१३ वर, त्यांना जॉली गारचॉम्पही गाठू शकत नाही. मावसभावाचं हेच झालं होतं. सहाही जणांना फुल स्पीड दिला आणि त्यातले तीन असे होते की त्यांचा बेस स्पीडच ८० च्या आसपास, म्हणजे समोरच्या वेगवान पोकेमॉनपुढे ते तसेही मागेच राहणार होते आणि वर अंगात ताकदही नाही, एका फटक्यात आडवे.

चॉइस स्कार्फ हा आयटम (पोकेमॉनच्या हातात द्यायची वस्तू) याच पर्यायातला जोडरस्ता. स्पीड दीडपट, पण जी मूव्ह निवडली तीच परत परत मारावी लागते, पोकेमॉन बदलेपर्यंत. मॉडेस्ट (स्पेशल अटॅक वाढवणाऱ्या नेचरच्या) ची-यूचा फुल स्पीड १५२, स्कार्फ घातला की २२८, म्हणजे ड्रॅगापल्टच्याही पुढे आणि मॉडेस्टची ताकद शाबूत. ऐकायला भारी वाटतं, आणि आहेच. पण डबल्समध्ये प्रोटेक्ट (त्या टर्नला समोरचा मार अडवणारी मूव्ह) हा श्वास आहे आणि स्कार्फवाल्याला प्रोटेक्ट वापरता येत नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय मोठ्या स्पर्धांमध्ये ओपन टीम शीट असते, आयटम समोरच्याला आधीच दिसतो, म्हणजे अचानक पुढे जाऊन दचकवायची मजा तिथे नाही. शोडाऊनच्या लॅडरवर (रँकिंगच्या मॅचमध्ये) जिथे शीट बंद असते तिथे मात्र स्कार्फ अजूनही लोकांना रडवतो. टीममध्ये एकच ठेवा, दोन नकोत.

दुसरा पर्याय टेलविंड, आणि यावर मी सगळ्यात जास्त बोलणार कारण माझ्या मते नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. टेलविंड लावला की तुमच्या बाजूच्या सगळ्यांचा स्पीड दुप्पट, चार टर्न, ज्या टर्नला लावला तो धरून. २०१९ ला स्वोर्ड-शील्ड आले तेव्हापासून टर्नच्या मधेच स्पीड बदलला तर क्रमही लगेच बदलतो, त्यामुळे प्रँकस्टरवाल्या (डॅमेज न देणाऱ्या मूव्ह आधी खेळू देणारी क्षमता असलेल्या) व्हिम्सिकॉटने आधी टेलविंड लावला की शेजारचा पोकेमॉन त्याच टर्नला दुप्पट स्पीडने मारतो. याआधीच्या गेममध्ये असं नव्हतं, टर्नच्या सुरुवातीला जो क्रम ठरला तो ठरला.

आता हे बघा. गोल्डेंगोचा बेस स्पीड ८४. स्पीडमध्ये एकही ईव्ही न घालता, नेचर मॉडेस्ट, स्पीड येतो १०४. टेलविंडमध्ये २०८. फ्लटर मेनचा जास्तीत जास्त स्पीड २०५. म्हणजे स्पीडवर शून्य खर्च करून तुम्ही फ्लटर मेनच्या पुढे गेलात आणि सगळे ईव्ही एचपी आणि स्पेशल अटॅकला मोकळे राहिले. मावसभावाच्या टीममध्ये गोल्डेंगो होताच, टिमिड आणि २५२ स्पीड ईव्ही घालून, स्पीड १४९. एकट्याच्या जोरावर तो फ्लटर मेनला गाठत नव्हताच आणि टेलविंड असता तर इतक्या स्पीडची गरजच नव्हती. तो गप्प बसून दोन मिनिटं नुसता फोनकडे बघत होता.

पण फ्लटर मेनच्या हातात बूस्टर एनर्जी (त्याचा एक स्टॅट वाढवणारा आयटम) असेल आणि त्याने स्पीडच वाढवला तर २०५ चे ३०७ होतात. मग गोल्डेंगो टेलविंडमध्ये फुल टिमिड असला तरी २९८, नाही पोचत. आणि आता वरचा अ‍ॅडमंट गारचॉम्प आठवा, १५४. त्याची दुप्पट ३०८. एका पॉइंटने पुढे! मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी रात्री साडेबाराला ग्रुपवर मेसेज टाकला होता. म्हणजे टीममध्ये टेलविंड असेल तर जॉलीची गरज बरीच कमी होते, अ‍ॅडमंट घ्या आणि ते १८ अटॅक खिशात घाला. समोरच्यानेही टेलविंड लावला की मात्र सगळे परत आपापल्या मूळ क्रमावर येतात आणि तेव्हा जॉलीची आठवण येते, हा धोका पत्करावा लागतो.

टेलविंडचा दुबळेपणा म्हणजे तो टॉन्टने (समोरच्याला फक्त डॅमेज देणाऱ्याच मूव्ह वापरू देणारी मूव्ह) अडतो, आणि चार टर्न फार पटकन संपतात. समोरचा दोनदा प्रोटेक्ट करतो, एकदा पोकेमॉन बदलतो, की संपलं. म्हणून टेलविंड लावणाऱ्यांनी मारामारीची घाई ठेवायची, बसून विचार करणारी टीम टेलविंडवर चालत नाही.

याच घरातला आइसी विंड पण आहे, तो आपला स्पीड वाढवण्याऐवजी समोरच्या दोघांचा दोन तृतीयांशावर आणतो. २०५ वाला फ्लटर मेन १३६ वर येतो, मग साधा १५२ वाला ची-यूही त्याला आधी मारतो. डॅमेज देणारी मूव्ह असल्यामुळे टॉन्टने अडत नाही, पण पोकेमॉन बदलला की परिणाम गेला. थंडर वेव्ह स्पीड निम्मा करते, ती एकावरच चालते आणि गोल्डेंगोवर चालतच नाही.

तिसरा पर्याय ट्रिक रूम. इथे सगळं उलटं, कमी स्पीडवाला आधी. २००६ ला डायमंड-पर्लमध्ये आली तेव्हापासून लोक टॉर्कोलसारख्या संथ पोकेमॉनवर प्रेम करू लागले. टॉर्कोलचा बेस स्पीड २०, आयव्ही शून्य आणि स्पीड कमी करणारं नेचर घेतलं की स्पीड २२. त्याच्या इरप्शनची ताकद शिल्लक एचपीवर असते, भरलेल्या एचपीला १५०, त्यामुळे त्याने मार खायच्या आधी मारणं हेच सगळं. अमूंगसचा कमीत कमी स्पीड ३१, ट्रिक रूममध्ये तो जवळपास सगळ्यांच्या आधी स्पोअर टाकून झोपवतो. बूस्टर एनर्जी खाल्लेला ३०७ चा फ्लटर मेन इथे सगळ्यात शेवटी. ते बघायला खरंच छान वाटतं.

पण ट्रिक रूमची प्रायॉरिटी (स्पीडच्याही आधी बघितला जाणारा मूव्हचा क्रम) उणे ७ आहे, म्हणजे लावणारा त्या टर्नला सगळ्यांच्या शेवटी हलतो, म्हणजे पूर्ण एक टर्न दोघांचा मार खाऊन जगायचं. म्हणूनच फारिगिराफ इतका वापरतात, त्याच्या आर्मर टेलमुळे समोरच्याच्या फेक आउट किंवा प्रँकस्टर टॉन्टसारख्या प्रायॉरिटी मूव्ह त्याच्यावर आणि जोडीदारावर चालत नाहीत. साधा टॉन्ट मात्र चालतो. आणि नवीन लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ट्रिक रूम प्रायॉरिटी उलटी करत नाही. फेक आउट, एक्स्ट्रीम स्पीड, सकर पंच हे ट्रिक रूममध्येही आधीच येतात.

टर्न मोजणं हे तर वेगळंच. पाच टर्न, पण लावला तो धरून, म्हणजे हातात चारच. घणसोलीला मित्राकडे आम्ही सहा-सात जण रविवारी जमतो, तिथे मी एकदा पहिल्या टर्नला ट्रिक रूम लावली आणि सहाव्या टर्नला अजून आहे असं धरून टॉर्कोलला इरप्शन मारायला सांगितलं. रूम पाचव्या टर्नच्या शेवटीच संपली होती. टॉर्कोल सगळ्यात शेवटी हलला, तोवर त्याचा एचपी पाव राहिला होता, इरप्शनमध्ये काही दम उरला नव्हता आणि जिंकत आलेली मॅच गेली. तेव्हापासून मी ट्रिक रूम लावली की वहीत काट्या मारतो.

आणि ज्यांना शोडाऊन सोडून खऱ्या कार्ट्रिजवर खेळायचंय त्यांच्यासाठी अजून एक अडचण. शोडाऊनवर आयव्ही शून्य टाइप केला की झालं. गेममध्ये हायपर ट्रेनिंगने आयव्ही वरच जातो, खाली येत नाही, त्यामुळे शून्य स्पीडवाला एकतर ब्रीड करायचा नाहीतर तसा मिळेपर्यंत पकडत बसायचं. पुरेसा वेळ नसेल तर ३१ आयव्ही आणि स्पीड कमी करणाऱ्या क्वाएट नेचरचा टॉर्कोल ३६ वर येतो, तोही बऱ्याच मॅचना पुरतो, फक्त समोरही ट्रिक रूमची टीम आली की अमूंगस तुमच्या आधी हलतो.

मग निवडायचं कसं? पहिलीच टीम असेल तर टेलविंड, यात मला शंका नाही. चूक झाली तरी तुमचे पोकेमॉन मुळात मध्यम वेगाचे असतात, टेलविंड पडला नाही तरी खेळता येतं. ट्रिक रूम पडली नाही तर संपूर्ण टीम चिखलात उभी असते. ज्याला समोरच्याचे पुढचे दोन-तीन टर्न वाचायला आवडतात, ज्याला पत्ते मोजून खेळायची सवय आहे, त्याने ट्रिक रूम जरूर घ्यावी, दुसरी टीम म्हणून. नुसत्या स्वतःच्या स्पीडवर सहा जणांची टीम मात्र कोणीच बांधू नये, एक किंवा दोन असे ठेवा जे खरंच वेगवान आहेत, बाकीच्यांचे ईव्ही अंगात भरा. आणि टेलविंड घेतलात तर प्रत्येक पोकेमॉनपुढे लिहा, हा टेलविंडमध्ये कोणाला गाठणार. इन्सिनरोअर स्पीडचे ईव्ही न घालता ८० चा, टेलविंडमध्ये १६०, टिमिड ची-यूच्या १६७ ला कमी पडतो. फक्त २८ ईव्ही घाला, ८४ होतात, दुप्पट १६८. काम झालं, २९ वा ईव्ही घालायचं कारण नाही.

मावसभावाने शेवटी टेलविंडच घेतला, व्हिम्सिकॉट टिमिड आणि फुल स्पीड. इथे फुल स्पीड बरोबर आहे, कारण दोन प्रँकस्टरवाले समोरासमोर आले की प्रायॉरिटी सारखी होते आणि ज्याचा स्पीड जास्त त्याची मूव्ह आधी. त्याचा व्हिम्सिकॉट १८४, माझा टॉर्नेडस १७९. गेल्या रविवारी घणसोलीला त्याने पहिल्याच टर्नला टॉन्ट टाकून माझा टेलविंड अडवला आणि मला काही करता आलं नाही. येत्या रविवारसाठी मी टॉर्नेडसला मेंटल हर्ब (टॉन्ट उतरवणारा आयटम) दिलंय.