थिंफूचे चांगलिमिथांग स्टेडियम: भूतानच्या १७ वर्षांखालील संघाचा सामना पाहायला जावे का?

भूतानच्या सहलींच्या ठरलेल्या कार्यक्रमात थिंफूच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन दिवस येतात. त्यात टेकडीवरची बुद्ध दोर्देन्माची प्रचंड मूर्ती, ताकिन हा राष्ट्रीय प्राणी पाहण्याची जागा आणि स्वतःचा फोटो असलेले टपाल तिकीट छापून घेण्याचा कार्यक्रम हमखास असतो. चांगलिमिथांग स्टेडियम मात्र बहुतेकांना गाडीच्या खिडकीतूनच दाखवले जाते. हा क्रम उलटा करावा, निदान थिंफूत कुमार गटाची एखादी स्पर्धा सुरू असेल तेव्हा तरी करावा, असे माझे मत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची १७ वर्षांखालील मुलींची स्पर्धा याच मैदानावर झाली आणि भारत-भूतान सामन्यांच्या निमित्ताने प्रेक्षक म्हणून या जागेचा जो अनुभव आला, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे. गुणच द्यायचे तर जागेला पाचपैकी चार आणि प्रेक्षकाला मिळणाऱ्या माहितीला दोन.

आधी जागेविषयी. गावाबाहेर मोकळ्या माळावर स्टेडियम बांधायचे आणि तिथवर पोहोचायला प्रेक्षकाने दिवस घालवायचा, हा आपल्याकडचा अलीकडचा रिवाज थिंफूत नाही. नॉरझिन लाम या मुख्य रस्त्यावरच्या घड्याळाच्या चौकातून उतार धरला की थोड्याच वेळात मैदान लागते आणि पलीकडून नदी वाहते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जसा माणूस कामावरून परस्पर सामन्याला येऊन बसतो, तशीच इथली ये-जा आहे. १८८५ साली याच ठिकाणी झालेल्या लढाईत उग्येन वांगचुक यांनी प्रतिस्पर्ध्यांना हरवले आणि १९०७ मध्ये तेच भूतानचे पहिले राजे झाले. चौथ्या राजांच्या राज्याभिषेकासाठी १९७४ मध्ये येथे स्टेडियम उभे राहिले आणि २००८ मध्ये पाचव्या राजांच्या राज्याभिषेकाचा लोकोत्सवही इथेच झाला. रंगीत लाकडी नक्षीचा, उतरत्या छपराचा राजमंडप मुख्य बाजूला आहे. क्रिकेटच्या काचबंद पॅव्हिलियनची सवय झालेल्या डोळ्यांना तो आधी देवळासारखा वाटतो. त्याच्यासमोर फुटबॉल चालू आहे हे पटायला थोडा वेळ जातो.

सुमारे पंधरा हजार प्रेक्षक सामावतील एवढे हे मैदान आहे. कुमार गटाच्या सामन्याला बसायला जागा मिळेल की नाही, ही चिंता सहसा करावी लागत नाही; चिंता करायची ती कुठे बसायचे याची. मैदानाभोवती धावण्याची ट्रॅक असल्यामुळे प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये बरेच अंतर पडते आणि गोलच्या मागच्या बाजूला बसल्यास पलीकडच्या टोकाचा खेळ नुसत्या ठिपक्यांचा होतो. त्यामुळे मध्यरेषेच्या आसपास, शक्य तितक्या वरच्या पायऱ्यांवर बसावे. वरून संघाची रचना दिसते; १७ वर्षांखालच्या सामन्यात पाहायचे असते ते हेच, कारण या वयात पायातले कौशल्य बऱ्याच जणींकडे असते, पण चेंडू आपल्याकडे नसताना कुठे उभे राहायचे हे थोड्याच जणींना उमगलेले असते. ऑगस्टमध्ये पाऊस कोणत्याही घटकेला येतो आणि डोक्यावर छप्पर सगळीकडे नाही, म्हणून रेनकोट जवळ ठेवावा. छत्री उघडली की मागच्या रांगेचा सामना संपतो.

खेळपट्टी कृत्रिम गवताची आहे. पावसाळी हवेत सामने वेळेवर पार पाडायला ती उपयोगी पडते, मात्र चेंडूची उसळी वेगळी असते आणि पडले की गुडघे खरचटतात. त्यात थिंफू समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे. विरळ हवेत लांब मारलेला चेंडू अपेक्षेपेक्षा पुढे जातो आणि सपाटीवरून आलेल्या संघांना दम लागतो, असे आपण ऐकून असतो. घरच्या संघाला याचा फायदा किती होतो, याचे उत्तर मात्र गुणफलकावर होते. २४ ऑगस्टला भारताने भूतानला ८-० असे हरवले.

आठ गोलांचा सामना पाहायला कशासाठी जायचे, असा प्रश्न इथे कुणीही विचारेल. या स्पर्धेचा आराखडा माझ्या मते फार चांगला होता: भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान असे चारच संघ आणि प्रत्येकीने प्रत्येकीशी दोनदा खेळायचे. बाद फेरीच्या स्पर्धेत लहान देशाचा संघ एकदा मोठ्या फरकाने हरतो, घरी जातो आणि पुढच्या वर्षी नव्या मुली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. इथे त्याच मुलींना पाच दिवसांनी, २९ ऑगस्टला, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहायचे होते. तो सामना ५-० असा सुटला. पाच गोल म्हणजे पराभवच, त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही; पण कुमार संघाचे मोजमाप करायचे तर ते आठ आणि पाच या दोन आकड्यांमधल्या अंतरातच करावे लागते. समोरचा संघही लेचापेचा नव्हता. स्पर्धेचे विजेतेपद भारताला मिळाले आणि ऑक्टोबरमध्ये बिश्केकमध्ये किर्गिझस्तान व उझबेकिस्तान या दोघांना हरवून भारताच्या याच वयोगटाच्या संघाने २०२६ च्या आशियाई चषकाची पात्रताही मिळवली. ३१ ऑगस्टला बांगलादेशाने मात्र भारताला ४-३ असे हरवले. निव्वळ फुटबॉलच्या दृष्टीने पाहायचा असेल तर स्पर्धेतला तोच सामना निवडावा, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

संपूर्ण भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांच्या वर होती. त्या आठ लाखांतून पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, त्यांतून फुटबॉल खेळणाऱ्या, त्यांतून डोंगरदऱ्यांतल्या शाळांमधून निवडून थिंफूपर्यंत आणता येतील अशा, अशी चाळणी लावत गेले की प्रशिक्षकापुढे किती नावे उरत असतील याची कल्पना करावी. भूतान २००० साली फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी कुवेतने त्यांच्या वरिष्ठ पुरुष संघाला २०-० असे हरवले. ३० जून २००२ रोजी, योकोहामात ब्राझील आणि जर्मनी विश्वचषकाची अंतिम लढत खेळत असताना, याच चांगलिमिथांगवर जागतिक क्रमवारीतल्या शेवटच्या दोन संघांचा सामना झाला आणि भूतानने माँटसेराट या कॅरिबियन बेटाच्या संघाला ४-० असे हरवले. २०१५ च्या मार्चमध्ये विश्वचषक पात्रतेच्या लढतीत त्यांनी श्रीलंकेला कोलंबोत १-० आणि थिंफूत २-१ असे नमवले. थिंफूतले दोन्ही गोल करणारा चेंचो ग्येल्त्शेन पुढे मिनर्व्हा पंजाब या भारतीय क्लबकडून आय-लीग ही भारतातली स्पर्धा जिंकून गेला. त्याच वर्षी कतारने १५ गोल चढवले, हेही त्याच इतिहासात आहे.

मुलींच्या बाजूचा आलेख मला अधिक आशादायक वाटतो. २०२२ च्या दक्षिण आशियाई महिला स्पर्धेत भूतानचा वरिष्ठ संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि बांगलादेशाकडून ८-० असा हरला. २०२४ मध्ये काठमांडूत त्यांनी मालदीवला १३-० असे हरवून पुन्हा उपांत्य फेरी गाठली. तिथे बांगलादेशाकडून ७-१ अशी हार झाली. २०२५ मध्ये तर बांगलादेशाच्या कितीतरी नावाजलेल्या खेळाडू भूतानच्या महिला लीगमध्ये खेळायला आल्या. ज्या देशाकडून आपण हरतो त्याच देशाच्या खेळाडू आपल्या क्लबांमध्ये सरावाला उतरतात, हे पाहत मोठी होणारी पंधरा वर्षांची मुलगी काय शिकत असेल, ते पुढच्या चार-पाच वर्षांत कळेल.

प्रेक्षकांबद्दल थोडेसे. इथे शाळेचा गणवेशच घो (मुलांचा) आणि किरा (मुलींचा) हा पारंपरिक पोशाख असल्यामुळे शाळकरी मुलांची रांग बसली की तो भाग एखाद्या समारंभासारखा दिसतो. आरडाओरड असते, शिवीगाळ कानावर येत नाही. पेठांच्या संघांच्या ईर्ष्येत वाढलेल्या कोल्हापूरच्या माणसाला हे जरा अळणी वाटण्याचा संभव आहे. मला तरी सुरुवातीला वाटले. कुटुंबासह, विशेषतः खेळणाऱ्या मुलीला घेऊन जायचे असेल तर मात्र यापेक्षा निर्धास्त जागा मिळणे अवघड. मैदानाला लागूनच तिरंदाजीचे मैदान आहे. तिथे १४५ मीटरवरच्या इवल्याशा लक्ष्यावर बाण सोडतात आणि बाण लागला की सोबती गाणे म्हणत फेर धरतात. फुटबॉल सुरू व्हायला वेळ असेल तर तिथे उभे राहावे, पण दोरीच्या बाहेरच.

आता उणी बाजू. सामना केव्हा आहे, हे पर्यटकाला आपणहून कुणी सांगत नाही. सहल आखताना स्पर्धेचे वेळापत्रक स्वतः शोधावे लागते, प्रवेशाचे नियम आदल्या दिवशी हॉटेलात किंवा थेट मैदानावर जाऊन विचारावे लागतात. वेळ पाहताना भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते, हे विसरल्यास पहिले दोन-तीन गोल हुकतात, आणि ते भारताचेच असण्याची शक्यता अधिक. सहलवाल्या कंपनीबरोबर जाणार असाल तर सामन्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवण्याचे आधीच लेखी ठरवून घ्यावे, कारण ऐन वेळी बाकीच्या मंडळींना बाजारात जायचे असते.

खर्चाचा हिशेब असा: भारतीयांना दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. म्हणून केवळ दुसरा सामना पाहण्यासाठी थिंफूत मुक्काम वाढवणे महाग पडते. दोन सामन्यांमध्ये पुनाखा आणि पारो ही गावे बसवली तर प्रत्येक रात्र सत्कारणी लागते. आम्ही तेच केले आणि दुसऱ्या सामन्याला पारोहून सकाळी निघून आरामात पोहोचलो. नगुलत्रुम हे भूतानचे चलन आणि रुपया यांचा दर एकास एक असल्याने मैदानाबाहेर मोमो आणि चहा घेताना आकडेमोड करावी लागत नाही. एमा दात्शी मात्र सामन्याआधी खाऊ नये. मिरचीचीच भाजी आहे ती, कोल्हापुरी जिभेचाही तिथे फारसा टिकाव लागत नाही.

मोठ्या नावांचे, चकचकीत फुटबॉल हवे असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या घरात शाळेच्या संघातून खेळणारी मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी वेळापत्रक पाहूनच भूतानच्या तारखा ठरवाव्यात आणि शक्य झाल्यास एकाच संघाचे दोन सामने पाहावेत. भूतानमध्ये प्रवेशासाठी मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, आधार कार्ड चालत नाही. मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ प्रतीसह बरोबर घ्यावा.