जुलै की सप्टेंबर? दोघांच्या युरोपवारीचे दोन हंगाम

युरोपला दोघंच जायचं ठरलंय, पैसे बाजूला काढून झालेत आणि घोडं अडलंय ते फक्त महिन्यावर, असं एखादं जोडपं ओळखीत भेटतंच. आम्ही दोन्ही हंगाम करून बसलोय, म्हणून हा खटाटोप. २०१९च्या जुलैत पॅरिस, स्वित्झर्लंड, फ्लॉरेन्स आणि रोम. मग कोविडची वर्षं गेली आणि २०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात व्हिएन्ना, साल्झबर्ग, उत्तर इटलीतलं बोल्झानो, व्हेनिस आणि परतीच्या विमानाआधी तीन दिवस पुन्हा पॅरिस. दोन्ही वेळा पॅरिसचं नोत्र दाम चर्च बंद होतं. पहिल्यांदा आग लागून तीन महिने झाले होते, दुसऱ्यांदा उघडायला दोन महिने बाकी होते. तेव्हा आमच्या मुहूर्ताच्या निवडीवर फार भरवसा ठेवू नका.

व्हिसा, विमा, सिम कार्ड हे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडून देतो.

आधी उन्हाळ्याचं श्रेय उन्हाळ्याला. जुलैत पॅरिसला साडेनऊ वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. म्हणजे दुपारी संग्रहालय बघून, खोलीवर येऊन, चहा पिऊन, पुन्हा बाहेर पडलं तरी हातात एक अख्खी संध्याकाळ शिल्लक. पहिले दोन दिवस आम्ही याचा अधाशासारखा फायदा घेतला आणि तिसऱ्या दिवशी तळपायांना कैलासजीवन चोळत बसलो. अंधार पडत नाही तोवर घरी जायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, त्याचा हा परिणाम.

आणि स्वित्झर्लंड. इथे मी सरळ हात वर करतो. ग्रिंडेलवाल्ड गावाहून मॅनलिखेनच्या डोंगरावर जाऊन तिथून क्लाइने शाइडेकपर्यंत चालत येण्याची एक वाट आहे. दीड तासाची, जवळजवळ सगळी उताराची, गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही झेपेल अशी. समोर सतत आयगरचं शिखर, पायाशी रानफुलं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा. जुलैत हे जसं आहे तसं सप्टेंबरअखेरीला नसतं. उशिरा गेलात तर आणखी एक घोळ: ऑक्टोबरच्या शेवटापासून डोंगरातल्या बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद होतात, आणि फुर्का, ग्रिमसेलसारखे उंचावरचे घाट बर्फ पडला की बंद होतात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावरच उघडतात. ज्यांची पहिली खेप आहे आणि ज्यांच्या डोक्यात युरोप म्हणजे आल्प्सच आहे, त्यांनी जून-जुलैच धरावा. पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल.

आता पंख्याचं सांगतो.

पॅरिसमध्ये आमची खोली सहाव्या मजल्यावर होती, म्हणजे अगदी छपराखाली. फोटोत फार गोड दिसत होती. उतरतं छत, छोटी खिडकी, खिडकीतून करड्या छपरांची रांग. ती करडी छपरं म्हणजे जस्ताचा पत्रा, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पॅरिसची बहुतेक जुनी छपरं जस्ताची आहेत. म्हणजे आपण दिवसाचे भलेमोठे युरो मोजून पत्र्याच्या खोलीत राहायला आलो. आणि मुहूर्त असा गाठलेला, की २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदलं गेलं. १९४७ सालचा ४०.४चा विक्रम मोडला. त्या दुपारी आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोच्या कारंज्यात लोक कपड्यांसकट बसले होते.

माझी बायको अकोल्याची. पंचेचाळीस अंश पाहिलेली बाई. विमानात मला म्हणाली होती, "युरोपच्या उन्हाळ्याला काय घाबरायचं?" पण अकोल्यात कूलर असतो, खिडकीला वाळ्याचे ताटे असतात आणि काही नसलं तरी डोक्यावर पंखा असतो. इथे छताकडे बघत झोपलो तेव्हा जाणवलं की त्या छताला हूकसुद्धा नाही. ही घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली. एकदा आत शिरलेली उष्णता बाहेर कशी काढायची याचा विचार कोणी केलेला नाही. रात्री दोनलाही भिंतीला हात लावला तर कोमट लागायची. खिडकी उघडावी तर खाली गल्लीत एक बार, त्यांची मैफल दोनपर्यंत. म्हणजे हवा की झोप, यातलं एकच. मी पंचा ओला करून पोटावर टाकला, तिने ओढणी भिजवून घेतली. दुसऱ्या दिवशी टेबल फॅन विकत घ्यावा म्हणून तीन दुकानं पालथी घातली. तिन्हीकडे संपलेले. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच मान हलवली.

घरमालकाला निरोप धाडला. त्याने उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला आणि पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं.

दरवर्षी इतकं तापत नाही, हे मान्य. आमच्या नशिबाला विक्रमी आठवडा आला. पण पुढे फ्लॉरेन्सलाही खोलीत एसी असूनसुद्धा रात्र नीट गेली नाही, कारण तो एसी नावापुरताच होता. आणि दोघांच्या सहलीत झोप गेली की काय होतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. रोममध्ये चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे वाहते नळ आहेत, लोक त्यांना ‘नाकाडे’ म्हणतात. त्यातल्या एका नाकाड्यापाशी बाटली कोणी भरायची यावरून आमचं जे भांडण झालं, त्याचं खरं कारण पॅरिसच्या त्या छतात होतं.

मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे: जुलैच्या खेपेतल्या सतरा रात्रींपैकी मी सलग झोपलो त्या चार. चारही स्वित्झर्लंडमधल्या. सप्टेंबरच्या खेपेत जागरण झालं ते फक्त विमानात.

दुसरी खेप अनंत चतुर्दशीवर बेतली होती. २०२४ला ती १७ सप्टेंबरला होती. गणपती पोचवले आणि १९ला रात्री निघालो. १२ ऑक्टोबरच्या दसऱ्याआधी घरी. मध्ये जवळजवळ सगळा पितृपक्ष. आई म्हणाली, "पक्षपंधरवड्यात कसले दौरे काढता?" म्हणून तर तिकिटं स्वस्त मिळाली, असं मी तिला ठोकून दिलं. खरंखोटं विमान कंपनी जाणे.

आम्ही पोचलो त्याच्या आदल्याच आठवड्यात लोअर ऑस्ट्रियात मोठा पूर येऊन गेला होता. व्हिएन्नाहून पश्चिमेला जाणारा नवा रेल्वेमार्ग पाण्यामुळे बंद, गाड्या जुन्या मार्गाने वळवलेल्या. साल्झबर्गला पोचायला बराच वेळ जास्त लागला. तेव्हा शरद म्हणजे सगळं आलबेल, असं मी म्हणणार नाही. धुतलेले कपडे वाळत नाहीत, हे तर दुखणंच. जुलैत खिडकीत टाकलेला शर्ट तासाभरात कडक व्हायचा. ऑक्टोबरात हीटर अजून सुरू झालेले नसतात आणि हवा दमट, त्यामुळे मोजे दोन दोन दिवस ओलसर. पॅरिसला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उजाडतं जवळजवळ आठला. पहाटे उठून रिकाम्या रस्त्यांचे फोटो काढायचा बेत असेल तर अंधाराचेच निघतील. व्हेनिसला दोन दिवस पाऊस लागला.

शिवाय पानांचे रंग. शरद म्हटलं की सगळ्यांना लालपिवळं रान हवं असतं. सप्टेंबरअखेरीला आम्हाला ते मिळालं नाही, बोल्झानोच्या वरची झाडं चांगली हिरवीगार होती. आल्प्समधला लार्च वृक्ष सोनेरी होतो तो साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर. त्यासाठी थांबायचं तर दसरा सोडावा लागतो, आणि तेवढं धैर्य आमच्या दोघांतही नाही.

पण मिळालं ते असं: व्हिएन्नाचा स्टेट ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो, सप्टेंबरात हंगाम सुरू होतो. तिथे उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं असतात. आत शिरल्यावर लोक आपल्या पुढच्या दांडीला स्कार्फ बांधून जागा धरतात आणि निवांत फिरायला जातात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकण्याची सवय असलेल्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार? बायकोने ओढणी बांधली. पॅरिसच्या रात्री भिजवलेली, तीच.

खाण्याचंही तसंच. आम्ही शाकाहारी. जुलैत चेरी आणि पीच भरपूर, पण जेवणात सॅलडवर सॅलड. शरदात ऑस्ट्रियात भोपळ्याचं दाट सूप आणि त्यावर भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल. बोल्झानोकडे पालक आणि चीज भरलेले, करंजीच्या आकाराचे श्लुट्झक्राप्फेन, रस्त्यात भाजलेले चेस्टनट, बागांतून सफरचंदांची उतरण चाललेली. ऑस्ट्रियात ‘श्टुर्म’ नावाचा अर्धवट आंबलेला द्राक्षरस फक्त याच दिवसांत मिळतो. त्याची बाटली घट्ट बंद करत नाहीत, कारण रस आत आंबतच असतो. ही माहिती मला बाटली पिशवीत आडवी ठेवल्यानंतर मिळाली.

गर्दी शरदातही असते. म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव चालू होता (नाव ऑक्टोबरचं, पण सुरू होतो सप्टेंबरात), खोल्यांचे भाव बघून आम्ही ते गाव गाळलं. मात्र व्हेनिसने दिवसभरापुरत्या येणाऱ्यांसाठी जी पाच युरोंची प्रवेश फी २०२४ला सुरू केली, ती एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवसांनाच होती. आम्हाला लागली नाही.

मुलांच्या शाळा सांभाळायच्या असतील तर हा सगळा काथ्याकूट फुकट आहे, तुम्ही मे-जूनमध्येच जाणार. फक्त खोली ठरवताना वरचा मजला टाळा आणि एसी आहे का हे लेखी विचारा. दोघंच असाल, रजा मिळत असेल आणि गणपती ते दसऱ्यातली फट साधत असेल, तर माझं मत तुम्हाला आतापर्यंत कळलं असेलच. एकाच अनुभवावरचं आहे, जरा हातचं राखून घ्या.

जाताजाता: २०२४च्या खेपेला मी घाबरून चार्जिंगचा छोटा पंखा नेला होता. तो खोक्यातून बाहेरही निघाला नाही. परत आल्यावर मी तो भाच्याला द्यायला काढला, तर बायकोने हातातून घेऊन कपाटात ठेवला. तिला ती मॅनलिखेनची वाट पुन्हा चालायचीय, जुलैतच.