फोटोक्रोमॅटिक काच : मुंबईच्या उन्हात वर्षभर वापरल्यानंतर

मे महिन्यात चष्म्याच्या दुकानात माझं चांगलंच वाजलं. तक्रार एकच: उन्हात आपोआप काळी पडणारी माझ्या चष्म्याची ही काच जानेवारीत काळीभोर व्हायची, आता भर दुपारी चर्चगेटबाहेर उभं राहिलं तरी जेमतेम राखाडी होते. काउंटरवरच्या मुलाने तिच्यावर अतिनील टॉर्च मारली, काच गर्द झाली, आणि "बघा सर, काच एकदम ओके" म्हणत त्याने वॉरंटी नाकारली. दुकानात एसी जोरात चालू होता. सगळी गोम तिथेच आहे, आणि ती विकताना कुणी सांगत नाही.

1960 च्या दशकात कॉर्निंग या अमेरिकी काच कंपनीने काढलेल्या खऱ्या काचेच्या भिंगात चांदीच्या संयुगांचे सूक्ष्म कण असत. हल्लीच्या प्लास्टिकच्या काचांमध्ये नॅफ्थोपायरनसारखे सेंद्रिय रेणू असतात. अतिनील किरण पडले की रेणूच्या कड्यातला कार्बन-ऑक्सिजनचा बंध तुटतो, कडं उघडतं, रेणू सपाट होऊन दृश्य प्रकाश शोषू लागतो आणि काच काळी पडते. पण उघडलेलं कडं पुन्हा मिटवण्याचं काम मुख्यतः उष्णता करते. म्हणजे मेच्या दुपारी ऊन रेणू उघडत असतं आणि तापलेली काच ते भराभर मिटवत असते. हवा जितकी गरम, तितकी काच फिकट.

घरी गॅलरीत करून पाहिलं. एक काच फ्रिजमधल्या पाण्याच्या वाटीत बुडवली, दुसरी बाहेर तापत ठेवली. पाण्यातली थोड्याच वेळात काजळासारखी झाली; बाहेरचीतून वाटीखालचं वर्तमानपत्र सरळ वाचता येत होतं. एकाच चष्म्याच्या दोन काचा! हा फोटो दुकानात दाखवला, तर "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाही ना" एवढंच उत्तर. डिफेक्ट नाहीच. पण जास्तीचे पैसे घेताना मुंबईच्या गिऱ्हाइकाला हे सांगायला नको? सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ही काच सर्वांत कमी काम करते.

पावसाळ्यात मात्र माझं मत बदललं. ढगांतूनही अतिनील किरण बऱ्यापैकी येतात, हवा जरा उतरलेली असते, त्यामुळे मरीन ड्राइव्हवरच्या त्या पांढऱ्याफटक उजेडात डोळ्यांना खरंच आराम पडला. फिरतीच्या नोकरीत दोन चष्मे सांभाळायची कटकटही गेली. आणि उकाड्याचा एक फायदा मानायलाच हवा: दादरच्या पुलावरून सावलीत उतरलं की काच पटकन पांढरी होते. थंडगार ऑफिसात गेलं की तीच रेंगाळते, रिसेप्शनवर बराच वेळ गॉगल लावल्यासारखं दिसतं.

गाडी चालवणाऱ्यांनी हिच्यावर पैसे घालू नयेत. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसून पाहिलं, डोळ्यांवर ऊन आणि काच पांढरीच. पायी फिरणाऱ्यांनी घ्यावी, पण दुकानातल्या टॉर्चवर पैसे देऊ नका. सॅम्पलची काच मागून घ्या, दुपारी फुटपाथवर धरा, नीट तापू द्या आणि मग बघा किती काळी होते ते. ऑक्सिडेशनने हे रेणू हळूहळू थकतातही, म्हणून काच कधीतरी बदलावी लागणारच. मी फ्रेम साधी आणि मजबूत घेतली आहे, पुढची काच तिच्यातच बसवेन.