अप्पांसाठी जागा बघताना: पुण्याच्या आसपासची तीन ज्येष्ठ-निवासं

क्लबहाउस सगळ्यांचं छान असतं. तेवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यावर शब्द घालवायला नकोत. कॅरम, वाचनालय, योगासनांच्या चटया, गणपतीतल्या कार्यक्रमांचे फोटो, हे सगळीकडे आहे आणि सगळीकडे बरं आहे. आम्हाला हवं होतं ते दुसरंच: रात्री दोनला अप्पा बाथरूममध्ये घसरले तर कोण येईल, किती वेळात येईल, आणि नंतर ते चालू शकले नाहीत तर तिथे राहू देतील का.

अप्पा, माझे वडील, ८२ वर्षांचे. मिरजेत एकटे. आयुष्य वीज मंडळात गेलं, २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाली त्याआधीच निवृत्त. गुडघे गेलेत, शुगर आहे, डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. आई गेल्यावर त्यांना सांभाळायला ब्युरोची माणसं ठेवून बघितली. काही आपणहून गेली, काहींना अप्पांनी घालवलं. मी सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. भाऊ कॅनडात. आत्याला कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "दादाला आश्रमात टाकताय होय गं?" अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मला कोण टाकतंय? मी जागा बघायला चाललोय. तुला यायचं तर ये."

पुण्यात हा प्रकार नवा नाही. परांजपे बिल्डरांची 'अथश्री' ही ज्येष्ठांसाठीची संकुलं इथे बरीच वर्षं आहेत, तळेगाव-कामशेतकडेही आता प्रकल्प आहेत. त्यामुळे बघायला पुष्कळ मिळतं. आम्ही आत जाऊन नीट बघितलेल्या तीन ठिकाणांची नावं मात्र लिहीत नाही. व्यवस्थापक बदलला की अशी जागा सहा महिन्यांत वेगळी होते, आणि माझ्या एका दुपारच्या मतावर कुणाचा धंदा बसू नये.

जाण्याआधी एक काम केलं होतं. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये निवृत्तांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियमावली घालून दिली आहे. दारं किमान ९०० मिमी रुंद, बाथरूममध्ये धरायला दांडे, फरशी न घसरणारी, लिफ्टमध्ये व्हीलचेअर गेली पाहिजे आणि मजला आवाजाने व दिव्याने, दोन्हींनी कळला पाहिजे. ती नियमावली नव्या प्रकल्पांसाठी आहे, जुन्या इमारतींवर ती लादता येणार नाही. पण मोजायला काय जातं? मी प्रिंट काढून अप्पांना दिली, त्यांनी मंडळाच्या काळातला स्टीलचा टेप खिशात टाकला.

पहिली जागा पानशेतच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी. मुद्दाम पावसात गेलो. माहितीपत्रकातली हिरवळ खरीच आहे, पण फरसबंदीवरही ती हिरवीच होती आणि शेवाळावरून अप्पांची काठी सरकली. विक्रीवाला मुलगा मोठा गोड. पहिली दहा मिनिटं तो मलाच फ्लॅट विकत होता, कारण वयाची अट ५५ ची आणि मी त्यात बसते. (केस रंगवायचे सोडल्याचा परिणाम.) सॅम्पल फ्लॅटमध्ये कमोडशेजारी लाल दोरी होती, संकटकाळी ओढायची. अप्पांनी ओढली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. मुलगा म्हणाला, "आजोबा, ही सॅम्पलची आहे, जोडलेली नाही." "मग जोडलेली दाखवा," अप्पा म्हणाले. राहत्या इमारतीत जायला त्या दिवशी परवानगी मिळाली नाही. बाथरूमचं दार चौकट धरून अडीच फूट भरलं. व्हीलचेअर सरळ कदाचित जाईल, पण तिथे पॅसेजमधून काटकोनात वळावं लागत होतं, आणि ते जमेलसं दिसत नव्हतं. फोनची रेंज खिडकीत येत होती, पलंगाशी नाही. शहरात पोचायला गर्दी नसली तर तास. रात्री अॅम्ब्युलन्सचं काय विचारलं तर उत्तर आलं, "१०८ आहे ना, मॅडम." १०८ माझ्या गल्लीतही आहे. सुट्टीत चार दिवस राहायला झकास, एवढंच.

दुसरी जागा शहराच्या हद्दीत, बरीच जुनी, रंग उडालेला. इथे न कळवता गेलो, बुधवारी, जेवणाच्या वेळेला, कूपन विकत घेऊन. हा सल्ला मी कुणालाही देईन. रविवारी पाहुण्यांसाठी श्रीखंड असतं, बुधवारी खरी आमटी कळते. त्या दिवशी दुधीची भाजी, आमटी, पोळ्या. पोळ्या मऊ होत्या, आणि हे लहानसहान नाही; त्या जेवणघरात निम्म्या लोकांच्या कवळ्या असणार. भाजीत मीठ कमी. समोरच्या बाई म्हणाल्या, "बीपीवाल्यांमुळे सगळ्यांनाच अळणी. लोणचं आपापलं आणायचं." आणि त्यांनी पर्समधून बाटली काढून अप्पांपुढे सरकवली. तासाभरात त्यांच्याकडून जे कळलं ते ऑफिसातल्या खुर्चीवर बसून कळलं नसतं. रात्रीचं जेवण साडेसातला उरकतं आणि मग रात्र फार मोठी होते. नर्स रात्री एकच, चार इमारतींना मिळून. पण ती येते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या शेजारच्या गृहस्थांना पहाटे दवाखान्यात तिनेच पोचवलं, मुलगा दुसऱ्या दिवशी आला.

इथली दोरी अप्पांनी क्लबहाउसच्या संडासात ओढली. मी बाहेर शरमेने अर्धमेली. वॉचमन आणि त्याच्यामागे नर्स, दोघं धावत आले. अप्पांच्या हिशेबाने तीन मिनिटांच्या आत. नर्स चिडली नाही. "बरं झालं, तेवढीच तपासणी झाली," म्हणाली. मग अप्पा जनरेटर बघायला गेले आणि अर्धा तास तिथल्या इलेक्ट्रिशियनशी बोलत बसले. निष्पन्न काय, तर वीज गेली की लिफ्ट चालते, पॅसेजचे दिवे चालतात, घरात मात्र एक दिवा, एक पंखा आणि एकच प्लग. उद्या ऑक्सिजनचं मशीन लागलं तर त्याच प्लगवर. हे माहितीपत्रकात कुठे नव्हतं.

पैशांचं इथेच नीट समजून घेतलं. फ्लॅट विकत घेतला तरी विकायचा तो ५५ च्या वरच्यालाच, आणि संस्थेला हस्तांतरणाचे पैसे द्यायचे. वारसाला मिळेल, पण तो तरुण असेल तर तिथे राहू शकणार नाही. मेंटेनन्स दरमहा, घर बंद असलं तरी. जेवण वेगळं, नर्सने घरी येऊन इंजेक्शन दिलं तर तेही वेगळं. "मेंटेनन्स दरवर्षी किती वाढतो?" या प्रश्नावर ऑफिसात "नाममात्र" असं उत्तर मिळालं. लोणच्याच्या बाईंनी आपल्या पावत्यांची फाईलच दाखवली. नाममात्र नव्हतं. असली फाईल कुणी दाखवत असेल तर नक्की बघा.

आणि मुख्य प्रश्न. चालता येईनासं झालं तर? स्वतःच्या खर्चाने चोवीस तासांची बाई किंवा मामा (म्हणजे पुरुष मदतनीस) ठेवा आणि राहा. त्यांच्या झोपण्याची सोय घरातच करायची. विसरभोळेपण वाढून माणूस बाहेर भटकायला लागला, तर मात्र नातेवाइकांनी दुसरीकडे न्यायचं. करारात तसं लिहिलंय. मला हे कठोर वाटलं, अप्पांना रास्त. "इथे लोक घर करून राहतायत, वॉर्ड नाही," म्हणाले.

वॉर्ड म्हणजे तिसरी जागा, असं म्हणता येईल. एका ट्रस्टचं तीन मजली सेवाघर, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी. स्वच्छ, कुबट वास अजिबात नाही, प्रत्येक मजल्यावर रात्रीही दोन मावश्या जाग्या. दारं भरपूर रुंद. एका आजींना भरवणारी मुलगी घाई करत नव्हती, त्यावरून मला जागा कळली. तीन ठिकाणांत सेवा सर्वात चांगली इथलीच, आणि अप्पांना आज इथे ठेवणं हा अन्याय होईल, कारण बोलायला कुणी नाही. टेप त्यांनी खिशातून काढलाही नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "फोन नंबर लिहून ठेव."

दुसरी जागा ठरली, पण विकत नाही. तिथले बरेच मालक आता नाहीत आणि मुलं परदेशात, त्यामुळे फ्लॅट भाड्याने मिळतात. संस्थेची अट फक्त राहणाऱ्याच्या वयाची. अकरा महिन्यांचा करार, तळमजला, बाथरूममध्ये दांडे आहेत, एक सैल होता तो बसवून द्यायचं कबूल केलंय. त्याआधी महिनाभर तिथल्याच पाहुण्यांच्या खोलीत राहून बघायचं. मिरजेचं घर तूर्त बंद ठेवणार, विकायचा विषय काढलेला अप्पांना चालत नाही. फ्लॅटचा मालक अमेरिकेत आहे आणि एक लाख डिपॉझिट मागतोय. अप्पा ऐंशी हजारांवर अडून बसलेत, आणि घरात दुसरा प्लग जनरेटरवर जोडून मिळाल्याशिवाय ऐंशीही देणार नाही म्हणतात.