उद्यानातील वाट की जुन्या वस्तीतील वाट?

शहरात तासाभराचा सोपा फेरफटका मारायचा असेल, तर उद्यानातील वाट आणि ऐतिहासिक वस्तीतील वाट यांत निवड करावी लागते. साधारण चालीने तासाला ४ ते ५ किलोमीटर होतात. उद्यानात ते सहज होतात, परंतु जुन्या वस्तीत शिलालेख वाचताना आणि कमानींखाली रेंगाळताना त्याच्या निम्मे अंतरही होत नाही, आणि चालण्यापेक्षा अशा उभे राहण्यानेच पाय अधिक दुखतात.

उन्हाचा फरक तर मोठाच आहे. झाडे सावली देतात, शिवाय पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे भोवतालची हवा थंड राखतात, तर दगडी भिंती दिवसभर शोषलेली उष्णता सूर्यास्तानंतरही सोडत राहतात. म्हणून जुन्या वस्तीसाठी सकाळच योग्य. गुडघे दुखत असतील किंवा चाकांची खुर्ची सोबत असेल, तर उंचसखल फरसबंदीपेक्षा उद्यानच बरे.

एरवी माझे मत जुन्या वस्तीच्या बाजूने पडते, कारण उद्यानाची तिसरी फेरी पहिलीसारखीच वाटते. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर मात्र हा प्रश्नच उरत नाही: १९३४ सालच्या उन्नत मालवाहू रेल्वेमार्गावर २००९ पासून टप्प्याटप्प्याने खुले झालेले हे सुमारे २.३ किलोमीटरचे उद्यानच आहे.